मंचावर लेकरू, कागदावर आपली सही

शाळेच्या सुट्ट्या जवळ आल्या की वाहिन्यांवर ऑडिशनच्या जाहिराती सुरू होतात. मग एखाद्या शहरात पहाटेपासून रांग लागते. छातीवर क्रमांकाचा कागद लावलेली आठ-दहा वर्षांची मुले, शेजारी डबा आणि पाण्याची बाटली घेऊन उभी असलेली अम्मी, कामावर खाडा करून आलेले अब्बा. आपल्या घरांतली मुलेही आता या रांगेत दिसतात. त्यात नवल नाही. गळा आणि साज यांची देणगी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खां साहेबांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी गाण्याची मैफल रंगते. गाणे जायज की नाजायज, हा वाद मी इथे उघडत नाही. ज्या घराने तो आपल्यापुरता सोडवला आहे आणि लेकराला मंचावर पाठवायचे म्हणते आहे, त्या घरासाठी हे लिहीत आहे.

रिअ‍ॅलिटी शोमध्ये मूल एकटे जात नाही. आईबापही त्या खेळातले पात्र असतात, हे आपल्या लवकर लक्षात येत नाही. मूल गात असते तेव्हा एक कॅमेरा अम्मीच्या चेहऱ्यावर रोखलेला असतो. घरी येऊन चित्रीकरण होते. पत्र्याचे छत, अब्बांची रिक्षा, शिलाई मशीन, फी भरायला घेतलेले कर्ज. मुलाच्या गाण्याइतकीच या कहाणीला किंमत असते. गरिबी ही लाज नाही, पण ती पार्श्वसंगीत लावून देशभर दाखवायची की नाही, हे ठरवायचा हक्क त्या मुलालाही आहे. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुलांना उत्तरे त्यालाच द्यायची असतात.

मूल अमानत आहे, असे आपण म्हणतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रत्येकाला आपापल्या हाताखालच्यांचा रखवालदार म्हटले आणि त्या रखवालीचा जाब द्यावा लागेल असेही बजावले. कॅमेऱ्यापुढे ही अमानत कशी हातातून निसटते, याचे दोन दाखले आठवतात. २००९ साली एनडीटीव्ही इमॅजिन वाहिनीवर ‘पती पत्नी और वो’ नावाचा कार्यक्रम आला. कल्पना ब्रिटनमधून घेतलेली. नटनट्यांच्या जोडप्यांनी दुसऱ्यांची तान्ही बाळे सांभाळायची आणि त्यांची तारांबळ आपण पाहायची. ती बाळे कुणी चोरून आणलेली नव्हती. खऱ्या आईबापांनीच ती दिली होती. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने तेव्हा आक्षेप घेतला.

दुसरा दाखला आपल्याला जास्त टोचावा असा आहे. २०१३ च्या रमजानमध्ये पाकिस्तानच्या जिओ वाहिनीवर आमिर लियाकत हुसैन यांच्या कार्यक्रमात, टाकून दिलेली तान्ही बाळे निपुत्रिक जोडप्यांच्या हाती थेट प्रक्षेपणात सोपवली गेली. नियत नेक होती, असे त्यांचे समर्थक म्हणत. असेलही. निपुत्रिकाची ओटी भरणे हे सवाबचे काम. पण ते एका बंद खोलीत, कागदपत्रे तपासून करता आले असते. त्या मुलांच्या जन्माची कहाणी साऱ्या देशाला कळली, आणि ती परत घेता येत नाही. म्हणून ‘आमचा कार्यक्रम दीनी आहे, नात आणि किरतचा आहे’ एवढ्यावर कुणी निर्धास्त होऊ नये. नातची स्पर्धाही रात्री एकपर्यंत चालली की पोर पेंगतेच, आणि बाद झाले की रडतेच.

जिंकल्यावर काय होते, हेही पाहू. २०११ मध्ये हिंदी ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’ जिंकणारा जयपूरचा अझमत हुसैन अनेकांना आठवत असेल. घराघरांत त्याचे कौतुक झाले. वयात येताना मुलाचा आवाज फुटतो, हा निसर्गाचा नियम आहे. २०१९ मध्ये तो ‘इंडियन आयडॉल’च्या ऑडिशनला आला, तेव्हा मधल्या काळात गाणे सुटल्याचे आणि व्यसनाच्या वाटेला लागल्याचे त्याने स्वतः सांगितले. त्याच्या धैर्याला सलाम. पण मला प्रश्न पडतो तो मधल्या वर्षांचा. उस्तादाकडे शिकणाऱ्या मुलाचा आवाज फुटला तर उस्ताद त्याला थांबवतो, सांभाळून घेतो. ज्यांनी मत देऊन जिंकवले, त्यांना तोच कोवळा आवाज हवा असतो.

हरणाऱ्यांचे, चुकणाऱ्यांचे वेगळेच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त पाचवीतला एक मुलगा अमिताभ बच्चन यांच्याशी जरा आगाऊपणे बोलला. काही मिनिटांचा तो तुकडा मोबाइलवर फिरला आणि मोठमोठी माणसे त्या लेकरावर तुटून पडली. त्याच्या आईबापांच्या संस्कारांचाही उद्धार झाला. घरात असे बोलला असता तर दादीने कान धरला असता आणि संध्याकाळपर्यंत सारे विसरले असते. लुकमानांनी आपल्या मुलाला बोलण्याचालण्यातली नम्रता शिकवली, ती बापाने लेकाला सांगावी तशी सांगितली, बाजारात उभे करून नव्हे.

दिग्दर्शक शुजित सरकार यांनी २०१७ मध्ये मुलांच्या रिअ‍ॅलिटी शोवर बंदीच घाला, असे जाहीरपणे म्हटले होते. बंदी आली नाही. मात्र त्याच वर्षी बालकामगार कायद्याच्या नियमांत दुरुस्ती झाली. ती चौदा वर्षांखालच्या मुलांना लागू आहे, आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक घराने ती समजून घ्यावी. मुलाला दिवसाला पाच तासांहून अधिक काम देता येत नाही आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम नाही. निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. पाच मुलांमागे किमान एक जबाबदार व्यक्ती नेमायची आणि शाळा बुडणार नाही अशी सोय करायची. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के हिस्सा त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो आणि तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळतो. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला भाग घ्यायला लावता येत नाही, हेही त्याच नियमांत लिहिले आहे. २०१९ च्या जूनमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणखी एक समज दिली, की नृत्याच्या कार्यक्रमांत मुलांकडून मोठ्यांचे अशोभनीय हावभाव करून घेऊ नका.

तेव्हा आयोजकांना विचारायला संकोचू नका. दंडाधिकाऱ्यांची परवानगी दाखवा म्हणा. करार इंग्रजीत असेल तर घरी आणा, ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या. घाईने सही मागत असतील तर ते कारण थांबायला पुरेसे आहे. पाच तासांत मेकअपची आणि ताटकळण्याची वेळ कशी धरणार, मुलाच्या नावे ठेवीची पावती कधी मिळणार, नमाज आणि जेवणासाठी सुट्टी आहे का, मूल रडले तर कॅमेरा बंद होईल का, हे सारे आधीच विचारा. कुणी ‘टोपी घालून नमाजचा एक शॉट देऊ या’ म्हणाले, तर इबादत ही दाखवायची वस्तू नाही, असे अदबीने सांगता येते.

आणि या साऱ्याआधी मुलाला विचारा, पण फुप्पी, खाला, शेजारी जमलेले असताना नको. तिथे मूल ‘हो’च म्हणते. रात्री दिवा मालवल्यावर, शेजारी पडून विचारा, की तुला खरंच जायचं आहे का, आणि पहिल्याच दिवशी परत यावं लागलं तर चालेल का. ते थोडा वेळ गप्प राहिले तर राहू द्या. सकाळी ‘नको अम्मी’ म्हणाले, तर ऑडिशनचा फॉर्म कपाटात ठेवून द्या आणि त्याला शाळेत पाठवा.