गिटारची ओळख : ई मेजर आणि तर्जनीखालचा गंधार

ई मेजर ही कॉर्ड गिटारच्या सहाही तारांवर वाजते. सी मेजर किंवा डी मेजर वाजवताना जाड तारा चुकवाव्या लागतात. इथे तो व्याप नाही. उजवा हात अजून बसलेला नसताना पहिली कॉर्ड म्हणून हीच घेणे चांगले.

मेजर कॉर्ड तीन स्वरांची असते : षड्ज, शुद्ध गंधार आणि पंचम. गिटारवर एका फ्रेटचे अंतर म्हणजे अर्धस्वर. ई हा षड्ज मानला, तर चार अर्धस्वर वर जी शार्प हा गंधार येतो आणि सात अर्धस्वर वर बी हा पंचम.

डाव्या हाताचे मधले बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटमध्ये, अनामिका चौथ्या तारेवर त्याच फ्रेटमध्ये आणि तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटमध्ये ठेवावी. बाकी तीन तारा खुल्या राहतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे एकेक तार छेडली की क्रमाने ऐकू येते : सा, प, सा, ग, प, सा. षड्ज तीनदा, पंचम दोनदा, गंधार मात्र एकदाच. कॉर्डचा सगळा मेजरपणा त्या एका स्वरावर उभा आहे. तर्जनी उचलली की तिसरी तार खुली वाजते, गंधार कोमल होतो आणि ई मायनर ऐकू येते. हा बदल पुन्हा पुन्हा ऐकावा. कॉर्ड कानात बसवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

हा गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या भागाइतका चढा असतो, कारण गिटारचे फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेले असतात. रागसंगीतावर तयार झालेल्या कानाला तो खटकू शकतो. तरीही तिसरी तार उतरवून तो जुळवू नये. तीच तार इतर कॉर्डमध्ये बेसूर होईल.

नाद स्पष्ट येण्यासाठी बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला लागून, तिच्या अलीकडे ठेवावे. पट्टीपासून दूर गेले की जोर जास्त लागतो आणि तार झणझणते. तार बोटाच्या टोकाने दाबायची असल्यामुळे डाव्या हाताची नखे कापलेली हवीत. अंगठा मानेच्या मागे टेकलेला असावा. तार बद्द वाजली, तर बहुधा शेजारचे बोट तिला टेकलेले असते. इथे तर्जनी आडवी पडून दुसरी तार दबते, म्हणजे वरचा पंचम हरवतो. अशा वेळी जोर वाढवून उपयोग नाही; बोटाची पेरे वाकवून ते उभे करावे.

सहाही तारा सुट्या स्वच्छ वाजल्या की मगच त्या एका झटक्यात छेडाव्यात. नंतर हात पूर्ण उचलून तिन्ही बोटे एकदम जागेवर टेकवण्याचा सराव करावा.