‘आमचा एका जागी बसतच नाही!’

कल्याणजवळच्या मोहने-आंबिवलीत तीन-चार वर्षांच्या मुलाच्या आईला विचारा, ‘‘दिवसभरात किती खेळतो हो?’’ उत्तर बहुतेक वेळा एकच मिळतं : ‘‘अहो, हा एका जागी बसतच नाही!’’ आई खोटं बोलत नसते. मात्र तिने हिशेबात धरलेला असतो तो पोराचा धुडगूस. मिनिटं कोणी मोजलेली नसतात.

मोजली की काय दिसतं? इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या कमरेला हालचाल टिपणारं यंत्र बांधून पाहिलं गेलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, ज्यांची हालचाल कमी भरली त्या मुलांच्या पालकांपैकी ८० टक्के पालक ‘आमचं मूल पुरेसं खेळतं’ असंच समजत होते.

पुरेसं म्हणजे किती, हे जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये सांगितलं. तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी आणि त्यातली ६० मिनिटं धाप लागेल अशी असावीत. झोप १० ते १३ तास. बसून स्क्रीन पाहणं फार तर एक तास, आणि दोन वर्षांखाली नकोच. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्लाही असाच आहे. गावच्या आजीशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालतो.

पालकांना हे अजिबात ठाऊक नसतं असं नाही. पण इथली एनआरसी ही रेयॉन कंपनी २००९ मध्ये बंद पडली आणि पायी अंतरावरची नोकरी गेली. आता सकाळी आंबिवलीहून लोकल गाठायची. घरी आजी एकटी, खोली लहान, दाराबाहेर रिक्षा-दुचाकींची वर्दळ. अशा वेळी डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल घास भरवायला मदत करतो. मात्र नजर पडद्यावर खिळली की पोट भरल्याचा इशारा मुलाच्या ध्यानात येत नाही. शिवाय ‘ही कसली भाजी?’, ‘तिखट लागली का?’ या गप्पाही बुडतात, आणि बोली भाषा मूल अशा गप्पांतूनच शिकतं.

हालचालीच्या त्या तीन तासांसाठी मैदानच हवं असं नाही. दारातल्या चार फुटांत घातलेली लंगडी पाहा. एक पाय उचलताच शरीराचा तोल ढळतो, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला खबर देतो, आणि पोटरी-घोट्याचे स्नायू लगेच सावरून घेतात. जिना चढणं, कांदे-बटाटे वेगळे करून टोपलीत टाकणं, गाण्यावर नाचणं, सगळं त्या १८० मिनिटांत धरलं जातं. ते सलग व्हायलाही हवं असं नाही. दहा-दहा मिनिटं जोडत गेलं तरी चालतं.

एक दिवस घड्याळ लावून धाप लागलेली मिनिटं कॅलेंडरवर लिहून पाहावीत. ६० भरत नसतील, तर आधी खेळायला जागा आणि सोबतीला कुणीतरी शोधावं. नुसता मोबाइल काढून घेतला, तर पोर संध्याकाळपर्यंत पुन्हा तोच मागणार.