रंग निवडावा उन्हात
मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे तांब्या-पितळेच्या भांड्यांचं सोनगीर लागतं. चकाकी टिकवायला घासावं लागतं, हे तिथे कुणाला सांगायला नको; नवी स्पोर्ट्‌स कार घेणारा मात्र शोरूमच्या दिव्यांखाली काळा रंग आणि तशीच चकचकीत ट्रिम निवडून मोकळा होतो. खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. काळा रंग ऊन शोषतो, पांढरा बरंचसं परतवतो. धूळ आणि पुसताना पडलेले ओरखडेही काळ्यावरच आधी दिसतात. ‘पांढरी तर टॅक्सीही असते!’ खरं आहे, पण रुबाब लाल ब्रेक कॅलिपर आणि मॅट काळ्या आरशांतूनही येतो. काळी फिल्म लावू म्हणाल, तर नियमानुसार बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के, पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के प्रकाश जायलाच हवा. पुढे रंगच बदलायचा, तर आरटीओत नोंद आलीच.