एकाएकी बिलगू लागलेले मूल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

आई दिसेनाशी होताच घाबरणे हा बाळाच्या वाढीचाच भाग आहे. ही भीती साधारण आठव्या महिन्यापासून दिसू लागते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांत ओसरते. ओसरलेली भीती एकाएकी परत आली, खेळणारे मूल मलूल होऊन पदराला बिलगू लागले, तर त्यामागे बहुधा कारण असते. ते शोधायच्या ऐवजी घरोघरी काही ठरावीक समजुतींवर भर दिला जातो.

गैरसमज : लाडाने बिघडले आहे, जवळ घेतले तर सवयच लागेल.

वस्तुस्थिती : बिलगणे म्हणजे हट्ट नव्हे. भ्यालेले मूल आधाराच्या माणसाकडे धाव घेते आणि धीर आला की आपणहून खेळायला दूर जाते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी हे नाते उलगडून दाखवले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये बाळांची घरी जाऊन निरीक्षणे केली. ज्यांच्या रडण्याला आईने चटकन प्रतिसाद दिला, ती बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. जवळ घेतल्याने मूल परावलंबी होत नाही, त्याचा धीर वाढतो.

गैरसमज : एवढ्याशा जिवाला काय कळते? दोन दिवसांत विसरेल.

वस्तुस्थिती : मुलाला कारण सांगता येत नाही, पण बदल जाणवतो. ठाण्याच्या वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास होतो, तेव्हा कुटुंबे भाड्याच्या घरात जातात. मोठ्यांच्या लेखी ती काही काळाची सोय असते. मुलाच्या लेखी शेजारच्या काकूंचे उघडे दार, जिन्यातले सवंगडी आणि झोपेची ओळखीची भिंत एका दिवसात नाहीशी होते. नवे घर लहान म्हणून आजी गावी गेली, तर रोज भरवणारा हातही जातो. नवे भावंड, बालवाडीचा पहिला महिना, घरातले आजारपण किंवा भांडणे यांचाही असाच परिणाम होतो.

मूल शांत झाले म्हणजे रुळले, असेही नाही. जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. ती फारशी रडत नव्हती, पण आतून मिटत चालली होती. मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना थांबू देण्याच्या चळवळीला या माहितीपटाने बळ दिले.

अशा वेळी झालेला बदल सोप्या शब्दांत सांगावा : ‘आजी गावाला गेली, तुला तिची आठवण येते ना?’ आजीशी रोज ठरल्या वेळी फोनवर बोलणे व्हावे. जुनी उशी, गोधडी धुऊन-बदलून टाकू नये. जेवणाच्या, अंघोळीच्या, झोपेच्या वेळा शक्यतो त्याच ठेवाव्यात.

गैरसमज : मुलाची नजर चुकवून सटकावे, म्हणजे रडारड होत नाही.

वस्तुस्थिती : आई ठाणे स्टेशनची रिक्षा गाठायला मागच्या मागे निसटते. मूल खेळातून मान वर करते, तर आई नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने पर्स उचलली तरी ते ओढणी मुठीत धरते. आई कधीही नाहीशी होऊ शकते, हेच त्याला कळलेले असते. निरोप थोडक्यात पण तोंडावर घ्यावा. ‘सातला येते’ याचा अर्थ तीन वर्षांच्या मुलाला लागत नाही. ‘देवापाशी दिवा लावायच्या वेळी येते’ याचा लागतो. सांगितलेली वेळ पाळावी आणि उशीर होणार असेल तर घरी कळवावे.

गैरसमज : मोठे होऊन अंथरूण ओले करते, म्हणजे मुद्दाम करते.

वस्तुस्थिती : ताणाखालचे मूल काही काळ मागच्या टप्प्यावर जाते : बोबडे बोलते, बाटली मागते, अंथरुणात शू करते. रागावल्याने किंवा चारचौघांत लाजवल्याने ताण वाढतो. मात्र लघवीला जळजळ किंवा ताप असल्यास तपासणी करून घ्यावी.

गैरसमज : नजर लागली असेल, दृष्ट काढली की झाले.

वस्तुस्थिती : दुखते कुठे, हे लहान मुलाला सांगता येत नाही. कानाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, जंत, रक्तक्षय यांमुळेही मूल मलूल आणि चिडचिडे होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के मुलांना रक्तक्षय होता. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी आधी व्हावी.

गैरसमज : मनाच्या डॉक्टरकडे नेले, तर वेडाचा शिक्का बसेल.

वस्तुस्थिती : १९०१ पासूनच्या मनोरुग्णालयामुळे ‘ठाण्याला पाठवणे’ हा टोमणाच झाला. त्याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्यासाठी आय.पी.एच. ही संस्था सुरू केली. लहानग्यांच्या बाबतीत उपचार म्हणजे बहुतेकदा खेळातून संवाद आणि पालकांना मार्गदर्शन.

ही अवस्था चार आठवड्यांहून अधिक टिकली, खाणे-झोपणे बिघडले, खेळ थांबला किंवा येत असलेली भाषा गेली, तर सल्ला घ्यावा. ठरावीक व्यक्तीची किंवा जागेची अचानक भीती वाटू लागली, तर त्याच दिवशी लक्ष द्यावे. मुलावर अत्याचार झाल्याची ती खूण असू शकते. त्यासाठी चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आहे. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६ ही सरकारी सेवा मोफत आहे.