पंधरा मिनिटांची पाळी

जुलैत यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीच्या शिवारात पऱ्हाटीवर फवारणी काढायची, तर आधी आभाळ बघावं लागतं. औषध मारलं आणि तासाभरात सर आली, की औषध, मजुरी आणि दिवस तिन्ही धुऊन जातात. हेच आभाळ वरून, सुमारे ३६ हजार किलोमीटरवरून, दोन हवामान उपग्रह न्याहाळत असतात. एक ७४ अंश पूर्व रेखांशावर, दुसरा ८२ अंशांवर. ढाणकी ७८च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोघांच्या मधोमध.

या उपग्रहांना पृथ्वीचं चित्र एका क्षणात मिळत नाही. आतला आरसा पूर्व-पश्चिम फिरत पट्टा टिपतो, मग थोडा खाली सरकतो, पुन्हा पट्टा. पृथ्वीचा अख्खा गोल पुरा व्हायला साधारण २६ मिनिटं जातात. म्हणून एका उपग्रहाकडून अर्ध्या तासाला एकच चित्र येतं. पावसाळी दुपारी विजांचा ढग तेवढ्यात उभा राहून बरसूनही जाऊ शकतो.

८२ अंशांच्या जागेवर आधी असलेला इन्सॅट-३डी २६ जुलै २०१३ रोजी फ्रेंच गयानातून गेला. ७४ अंशांवरचा इन्सॅट-३डीआर ८ सप्टेंबर २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेटवर गेला. दोघांकडे सारखीच यंत्रं. एकाला नुसतं राखीव ठेवता आलं असतं. त्याऐवजी पाळ्या लावल्या: पहिल्याने तासाला आणि साडेला सुरुवात करायची, दुसऱ्याने सव्वाला आणि पाऊणला. नवा उपग्रह न सोडता देशाला दर पंधरा मिनिटांनी चित्र मिळू लागलं. उड्डाणाच्या दिवशी आपण टाळ्या वाजवतो. मला मात्र या वेळापत्रकाचं मोल त्याहून कमी वाटत नाही.

ते सांभाळणं सोपं नाही. सूर्य-चंद्राच्या ओढीने उपग्रह जागेवरून सरकतात. कर्नाटकातल्या हासनच्या नियंत्रण केंद्रातून त्यांना पुन्हा जागेवर आणावं लागतं. शिवाय दोघांच्या नजरेचा कोन वेगळा. पंधरा किलोमीटर उंचीचा ढगाचा माथा ढाणकीवर स्थिर असला, तरी ७४ अंशांवरून तो जरा पूर्वेला दिसतो आणि ८२वरून पश्चिमेला. दोन चित्रांत दोन-अडीच किलोमीटरचा फरक, आणि ढग हललेलाच नाही! ढगांच्या हालचालीवरून वारा मोजायचा, तर हा भास वजा केल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

रात्री फक्त उष्णतेचा आधार. तेव्हा चित्रातला एक ठिपका उपग्रहाच्या बरोबर खाली चार किलोमीटरचा असतो, म्हणजे आख्खं गाव एका-दोन ठिपक्यांत. जितका थंड ठिपका, तितका ढगाचा माथा उंच.

३डीचं वय झालं, तेव्हा १७ फेब्रुवारी २०२४ रोजी ३डीएस गेला आणि ८२ अंशांची जागा त्याला मिळाली.

ढाणकीच्या शेजारच्या महागाव तालुक्यात, आनंदनगर तांड्यावर, २२ जुलै २०२३ रोजी पुरात अडकलेल्यांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती. इथे पंधरा मिनिटांना किंमत आहे. दिल्लीच्या मौसम भवनात चित्र पोचतं, नागपूरच्या प्रादेशिक केंद्रातून इशारा निघतो. तो निंदणाला गेलेल्या बाईच्या साध्या फोनवर, तिच्या बोलीत, ती झाडाखाली आडोशाला जाण्याआधी वाजला पाहिजे. वर एवढा काटेकोर वेळ पाळणाऱ्यांकडे आणि खाली कारभार हाकणाऱ्यांकडे ही मागणी आपण धरून ठेवायला हवी.