शुगर उतरली तर साखरच औषध

कोणी भरदुपारी झोकांड्या देत चालला, बोलताना अडखळला, की वस्तीत लोक पटकन म्हणतात, "टाकून आलाय." बाई असेल तर "अंगात आलं" म्हणून लिंबू शोधतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे ऐकू येते, म्हणून मुद्दाम लिहितो. तो माणूस शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा असेल, तर पहिली शंका रक्तातली साखर उतरल्याची घ्यावी. तो खरोखर प्यालेला असला तरीही. उपाशीपोटी दारूनेही शुगर उतरते.

दरदरून घाम, हातांची थरथर, छातीत धडधड, कडाडून भूक, उगाच चिडचिड ही लक्षणे. मशीनवर आकडा 70 च्या खाली असेल तर शुगर उतरली, 54 च्या खाली असेल तर मोठा धोका. मशीन नसेल तर शोधत बसू नये.

शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल, तर तीन-चार चहाचे चमचे साखर अर्धा पेला पाण्यात विरघळवून पाजावी. "त्यांना साखर बंद आहे" म्हणून घरचेच हात आखडतात, पण या घडीला तेच औषध. 15 मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. भाकरी, बिस्किट त्यानंतर.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनळीत जाते. इन्सुलिन तर मुळीच देऊ नये. कुशीवर वळवून 108 ला फोन करावा. ही गाडी फुकट येते. आपल्या गल्लीत ती शिरणार नाही, म्हणून एका पोराला नाक्यावर उभे करावे. गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो. शुद्ध आली तरी शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांची आणि किडनी कमजोर असलेल्यांची. डॉक्टरांनी सोडल्याशिवाय घरी आणू नये.

पौर्णिमेला अष्टशील पाळणारे दुपारी बारानंतर जेवत नाहीत, पण संध्याकाळची गोळी सवयीने घेतात. उपोसथाआधी डोस डॉक्टरांना विचारून घ्यावा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या रांगेत तासन् तास उभे राहणाऱ्या शुगरवाल्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि "मला मधुमेह आहे" अशी चिठ्ठी, घरच्या फोन नंबरासह.