शस्त्रपूजा आणि शस्त्रनिगा

खंडेनवमीला महाराष्ट्रात शस्त्रांची पूजा होते. पोलिसांच्या शस्त्रागारांत रायफली ओळीने मांडल्या जातात, हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूच्या माळा चढतात. हा विधी योग्यच आहे. तथापि, उरलेल्या ३६४ दिवसांत त्याच रायफलीच्या वाट्याला तेलाचे किती थेंब येतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक पूजेपेक्षा तोच अधिक महत्त्वाचा आहे.

गोरेगाव पूर्वेला राज्य राखीव पोलीस दलाच्या आठव्या गटाचा तळ आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर राज्याने उभारलेल्या ‘फोर्स वन’ पथकाचे ठाणेही गोरेगावातच आले. या उपनगराच्या एका बाजूस खाडीवरची खारी हवा, तर दुसऱ्या बाजूस आरेच्या झाडीतला पावसाळी दमटपणा. लोखंडाला याहून वाईट शेजार नाही.

भारतीय पोलिसांच्या खांद्यावर कित्येक दशके राहिलेल्या .३०३ रायफलीचे उदाहरण उद्‌बोधक आहे. तिच्या दस्त्याच्या टोकाला पितळी झाकणाचा एक कप्पा असे; त्यात तेलाची लहानशी बाटली आणि ‘पुलथ्रू’ नावाची दोरी. चार इंच लांब व दोन इंच रुंद कापडाची चिंदी दोरीच्या फासात अडकवायची, दुसऱ्या टोकाचे पितळी वजन मागून नळीत सोडायचे आणि दोरी एका दमात बाहेर ओढायची. ओढ वाकडी झाली तर दोरी नळीच्या तोंडाला घासते, आणि अशा घासण्याने कालांतराने नेम बिघडतो.

यामागे साधे रसायनशास्त्र आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की त्याचे क्षार नळीत उरत. ते मिठाप्रमाणेच हवेतील ओल शोषतात आणि पोलाद गंजवतात. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, म्हणून गोळीबारानंतर नळीतून आधी उकळते पाणी ओतायचे, ती कोरडी करायची आणि मगच तेल द्यायचे, असा दंडक होता. नुसते तेल चोपडणारा शिपाई गंजावर पांघरूण घालीत असे. नवी काडतुसे अशी क्षारयुक्त नसतात हे खरे. परंतु वायूच्या दाबावर चालणाऱ्या स्वयंचलित रायफलीत दट्ट्या आणि वायुनलिकेवर काजळी साचते. हलणारे भाग वाढले तशी निगाही वाढली, घटली नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलीस .३०३ रायफली आणि लाठ्या घेऊन स्वयंचलित शस्त्रांसमोर उभे राहिले. त्या रात्रीचा दोष सफाईच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तेथे शस्त्रच एका पिढीने मागे होते. त्यानंतर राम प्रधान समिती नेमली गेली आणि नव्या शस्त्रांची खरेदी झाली. उत्तर प्रदेश पोलिसांनीही २०२० मध्ये .३०३ ला निरोप दिला. हे सारे आवश्यकच होते. परंतु नवे शस्त्रही विकत घेतल्याच्या दिवसापासूनच जुने होऊ लागते, ही गोष्ट खरेदीच्या उत्साहात नजरेआड होते.

अर्थशास्त्रात याला घसारा म्हणतात. सरकारी हिशेबात खरेदी हा भांडवली खर्च, तर देखभाल हा महसुली खर्च. खरेदीला उद्‌घाटन असते, छायाचित्र असते. चिंदीला आणि तेलाला यांपैकी काहीच नसते. साहजिकच काटकसरीचे परिपत्रक निघाले की पहिली कात्री देखभालीवर चालते. शाळेच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शक, कचेरीतील पंखे, पालिकेच्या जलवाहिन्या यांचीही हीच कहाणी आहे. फरक इतकाच की, सूक्ष्मदर्शक बिघडला तर एक तास वाया जातो. रायफल ऐन वेळी अडली तर एक माणूस जातो.

देखभालीची खरी किंमत तेलाची नसून वेळेची आहे. गणेशोत्सवाचा किंवा निवडणुकीचा बंदोबस्त आटोपून पहाटे परतलेल्या शिपायाकडून हत्याराच्या निगेची अपेक्षा करायची, आणि तो अर्धा तास मात्र त्याच्या विश्रांतीतून कापायचा, हा व्यवहार न्याय्य नाही. अशा वेळी सफाई नोंदवहीत होते, नळीत होत नाही.

तेव्हा उपाय साधे आहेत. प्रत्येक शस्त्रखरेदीच्या मंजुरीबरोबरच तिच्या आयुष्यभराच्या देखभालीची आणि सरावाच्या काडतुसांची तरतूद स्वतंत्र शीर्षाखाली व्हावी; सफाईचा वेळ कर्तव्याचा वेळ म्हणून मोजला जावा; आणि शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या आर्मररची पदे रिकामी ठेवू नयेत. यांपैकी कशालाही परकीय चलन लागत नाही.

खंडेनवमीची माळ दुसऱ्या दिवशी सुकते. तिच्याखालची नळी वर्षभर कोरडी आणि स्वच्छ राहिली पाहिजे. कारण ती हाती घेऊन उभा राहणारा माणूस नागरिकांच्याच रक्षणासाठी उभा असतो.